नोईचा बत्ता

नोई मिरच्या कुटायला बसली की एकेका मिरचीला माणसाचं नाव द्यायची. पहिली तिच्या नवऱ्याची, दुसरी सासूची, मग आमच्या मॅनेजरच्या दोन. दगडी खलात बत्ता असा आदळायची की फळीवरच्या बशा हलायच्या. मी एकदा मिक्सर दाखवला, तर म्हणाली, "मिक्सर खाली काटता है. मसाला को मारना मंगता."

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत सहा टेबलांचं थाई हॉटेल होतं. नोई तिथली मुख्य स्वयंपाकीण, मी भाज्या कापायला आणि भांडी घासायला. मी लांज्याकडचा, सातवीत शाळा सुटलेला. ती थायलंडच्या कुठल्याशा खेड्यातली, पन्नाशीची, माझ्या खांद्याला लागेल एवढीच. मला 'पी बाबू' म्हणायची. 'पी' म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ. थोरल्या भावावर हात उचलू नये, असं मात्र त्यांच्यात नसावं.

नवऱ्याने तिला एकदा खांबाला बांधून मारलं होतं. सुटल्यावर तिने ह्याच बत्त्याने त्याचे चार दात पाडले आणि बत्ता उचलून घर सोडलं. हे सांगताना हसायची. "दात उधर, बत्ता इधर. खलास."

पहिल्याच दिवशी तिने मला मारलं. चार वाजता आम्ही सगळे कामगार एकत्र जेवायला बसायचो. भात ज्याचा त्याच्या ताटात. कालवण, मासा, कच्च्या पपईची कोशिंबीर मधोमध, सगळ्यांची मिळून. मी आपलं ताट एकदम भरून घेतलं. तिचा डाव माझ्या बोटांवर बसला. "ऐसा कुत्ता खाता है! बाकी लोग क्या खाएगा?" एका वाडग्यातलं एकदोन चमचे घ्यायचं, ते संपवायचं, मग दुसऱ्याला हात लावायचा. चमचा उजव्या हातात, काटा डाव्यात. काट्याने भात चमच्यावर ढकलायचा, काटा तोंडात घालायचा नाही. काड्या फक्त नूडल्सला. एका गिऱ्हाइकाने भातासाठी काड्या मागितल्या, तर बाहेर जाऊन तिने त्याच्या हातात चमचा कोंबला.

आणि टेबलावर सुरी कधीच नाही. मांस, भाजी, सगळं आतच घासाएवढं कापायचं. "चाकू किचन का," ती म्हणायची. "टेबल पे घर का आदमी बैठता है. घर का आदमी को चाकू नहीं दिखाना."

एक दिवस तिने गोड केलं. हिरव्या पानाचा रस घालून तांदळाच्या पिठाच्या जाड शेवया, वर नारळाचं दूध आणि ताडाचा गूळ. पहिला घास घेतला आणि मी खाली बघत बसलो. आमच्याकडचे शिरवाळेच ते. माझी सुशीला करते तसे. फरक एवढाच की नारळाच्या दुधात मीठ जास्त. नोई म्हणाली, "बीवी को बोलो. नमक नहीं, तो मीठा सो जाता है."

मी फोनवर सांगितलं. सुशीला कडाडली, "तिला म्हणावं, शिरवाळे मला शिकवू नको! आणि अहो, तुम्ही तिकडे कोणाकोणाच्या हातचं खाता?" पुढच्या सुट्टीत गेलो तर रसात मीठ बरोबर तेवढंच होतं. मी नुसती वाटी पुन्हा पुढे केली. मलाही मार नको होता.

मग सुशीलाच्या किडन्या गेल्या. मुलाचा फोन आला, "बाबा, डॉक्टर म्हणतात आठवडा. लगेच निघा." पासपोर्ट मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये. तो मालकाचा मेव्हणा. मी तीन दिवस त्याच्या पाया पडलो. तो म्हणायचा, "सीझन है. ईद के बाद जाओ. इन्शाल्ला बच जाएगी."

चौथ्या दुपारी तो टेबलावर जेवत होता. मी पुन्हा मागितला. त्याने मान वर न करता म्हटलं, "तेरे जाने से वो जिंदा होगी क्या?"

आतून नोई आली. तिच्या हातात सत्तूर होता. टेबलावर कधी साधी सुरी येऊ न देणाऱ्या बाईने तो सत्तूर त्याच्या भाताच्या ताटाशेजारी लाकडात रोवला. "अब तुम घर का आदमी नहीं," म्हणाली. "पासपोर्ट."

त्याने तिचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. तिची भुवई फाटली, भातावर रक्त सांडलं. मी त्याचा गळा आवळला. केसांवरचा त्याचा हात सुटताच नोई आत गेली आणि बत्ता घेऊन आली. त्याच्या कोपराचं हाड मोडलं तो आवाज मी आजही ऐकतो. सुकी फांदी मोडावी तसा.

तिने त्याच्या खिशातल्या चाव्या काढल्या, ड्रॉवर उघडला, पासपोर्ट माझ्या छातीवर फेकला. "यल्ला! भागो!"

वेटर दारात उभा होता. म्हणाला, "बाबूभाई, रुको. पुलिस आ रही है. पहले किसने मारा, ये तुमने देखा है. मैं तो कुछ नहीं बोलूंगा, मेरे बच्चे हैं."

मी नोईकडे बघितलं. डोळ्यावर फडकं दाबून ती खाली बसली होती. "तुम रुकेगा, तो मैं तुमको भी मारेगी," म्हणाली.

मी गेलो.

सुशीला नऊ दिवस जगली. शुद्धीत होती. पहिल्या दिवशी विचारलं, "कोणी सोडलं हो तुम्हाला?" रक्ताचं, पोलिसांचं त्या बाईला काय सांगणार? म्हटलं, "साहेबांनी." तिने सलाइन लावलेले हात कसेबसे जोडले. "देव त्यांना सुखी ठेवो," म्हणाली. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या हरामखोरासाठी हात जोडायची, आणि मी शेजारी बसून बघायचो.

पुढे मुलाला नोकरी लागली, त्याने मला शारजात अल नहदाला आणलं. मी हॉटेलवर गेलो. वेटर तोच होता. नोईच्या बाजूने बोलायला कोणी आलं नाही, असं म्हणाला. हत्यार तिने आणलं, हाड तिने मोडलं. जेल भोगून तिला तिच्या देशात पाठवलं. गावाचं नाव कोणाला माहीत नाही.

आज पुन्हा तीच दुपार आली तरी मी विमानातच बसेन. खोटं कशाला लिहू? पण मला सोडणाऱ्या ज्या माणसासाठी सुशीला नऊ दिवस हात जोडत होती, तो मॅनेजर नव्हता. ती नोई होती. सुशीलाला मी हे सांगायला हवं होतं. दोघींनाही सांगायला हवं होतं.