रायपूर, तिरोडा, कोहमारा

गोंदियाजवळ कुडव्याच्या आमच्या घरामागचा गुलमोहर उतरवायला सुकराम आला, त्या दिवशी झाडावरून पहिला आवाज आला तो "रायपूर!" असा. खाली दोर धरून उभ्या असलेल्या माणसाने लगेच दोर ताणला. मग "कोहमारा!" आणि ताणणं थांबलं. मग "तिरोडा, तिरोडा, तिरोडा..." आणि दोर हळूहळू सैल होत फांदी अंगणात टेकली.

मी भूगोलाची शिक्षिका. बावीस वर्षं पोरांकडून नकाशात गावं भरून घेतली. रायपूर पूर्वेला, आणि हा माणूस दोर ओढतोय पश्चिमेला, हे मला सहन कसं व्हावं? मी ओट्यावरून ओरडलेसुद्धा, "अहो, रायपूर तिकडे!" सुकरामने वरून एकदा नुसतं पाहिलं. बाई, तुम्ही घरात जा, असं त्या नजरेत स्वच्छ दिसत होतं. मी अर्थातच गेले नाही.

झाड मीच लावलेलं. नवा प्लॉट, रणरणतं ऊन, लवकर सावली हवी होती. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही. आता त्याची सगळ्यात जाड फांदी शेजारच्या चंद्रकांताबाईंच्या स्वयंपाकघराच्या छपराच्या टिनांवर आडवी झाली होती आणि तिच्या बेचक्यात चीर पडली होती. परवानगीचा कागद आला, लाइनमनने तार बंद केली, चंद्रकांताबाई गॅस बंद करून आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

सुकराम पन्नाशीचा, सडक अर्जुनीकडचा. डावा पाय आखूड पडतो. लंगडा माणूस झाडावर चढतो हेच एक नवल, त्यात ही गावांची हाकाटी. चहाच्या वेळी मी विचारलंच.

"तुमी काऊन इतलं पुसून रायल्या जी?" तो म्हणाला. पण बशीत चहा ओतता ओतता सांगायला लागला. "आदी मी सीधंच बोलत होतो. धर म्हणजे धर."

त्याने दोरवाल्याकडे पाहिलं. तो कैलाश, गोंदियाच्या बाजारातला, घरची बोली हिंदी. त्याने मान खाली घातली आणि स्वतःच पुढचं सांगितलं. "मैं पहले मालधक्के पे था, बाई. बोरे उतारता था. वहाँ मुकादम दिनभर चिल्लाता, इधर धर, उधर धर. धर मतलब नीचे रख."

नऊ वर्षांपूर्वी आमगावात एका घरी सुकराम वरून जिवाच्या आकांताने ओरडला होता, "धर! धर!" आणि कैलाशने सांगितल्या कामाच्या माणसासारखा दोर सोडवून जमिनीवर ठेवला होता. फांदी झुलून सुकरामवर आली. पाय तीन ठिकाणी मोडला.

आपण गोंदियावाले रोज अशीच खिचडी बोलतो आणि आपलं काही अडत नाही, याचा मला फार अभिमान होता.

"गावाचं नाव कोणत्याबी भाषेत सारखंच राहते," सुकराम म्हणाला. "रायपूर म्हणलं का तान. तिरोडा म्हणलं का ढील. आदी ढीलसाठी नागपूर होतं, पण हवेत दोन्ही पूर सारखेच आयकू येत. मंग काढून टाकलं."

"आणि कोहमारा?"

"तिथं समदे ट्रक थांबतेत."

खरा प्रश्न माझ्या ओठांवर होता आणि मला जीभ आवरत नाही. "मग दोराला दुसरा माणूस का नाही घेतला?"

"दुसऱ्याले समजवाव लागन जी, सोडलं त काय होते थे. याले मालूम आहे."

मला हे काही पटलं नाही. ती जाड फांदी उरली होती आणि ज्याने एकदा दोर सोडला त्याच्याच हातात दोर, वर तोच माणूस, खाली चंद्रकांताबाईंची टिनं. मी खरंच घाबरले. कैलाशने खोडाच्या बुडाला दोराचे दोन वेढे दिले आणि पाय रोवले. वर करवत चालली.

फांदी कडाडली ती अर्धी कापायच्या आतच, चिरेतून. ती टिनांवर गेलीच होती. "रायपूर! रायपूर!" कैलाश मागे झुकला, दोर त्याच्या हातातून वीतभर सरकला आणि थांबला. "कोहमारा!" सगळं ओझं टिनांवर हातभर उंचीवर झुलत राहिलं. चंद्रकांताबाईंनी माझा दंड इतका दाबला की दोन दिवस दुखत होता. मग "तिरोडा... तिरोडा..." पाच मिनिटं तरी लागली असतील. फांदी आमच्या अंगणात आली, एक टिन वाजलं नाही.

कैलाश मात्र तसाच उभा. दोर सैल पडलेला, मुठी आवळलेल्या. मी म्हटलं, "कैलाशभाऊ, हो गया, अब छोड़ दो." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

सुकराम पट्टा सोडवत, एकेक पाय टेकवत उतरला. त्याला बराच वेळ लागला. तो कैलाशजवळ गेला आणि त्याची बोटं एकेक करून उघडली. तळहात सोलवटून लाल झाला होता. ते पाहूनही मला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"सोड म्हणायला कोणतं गाव आहे?"

"त्याले गाव नाई ठेवलं जी," सुकराम म्हणाला. "सोड असं मी वरून म्हणतच नाई. खाली येतो, अन् त्याच्या हातातून घेतो."