खुंटीवरचे धुतलेले कपडे

संध्याकाळ झाली की दाभणवाले दारामागच्या चार खुंट्यांपाशी जायचे आणि तिथे टांगलेले धुतलेले कपडे एकेक करून झटकायचे. आधी बायकोचं लुगडं, मग मुलीचा परकर-पोलका, मग लहान्याचा सदरा, शेवटी स्वतःचा. आणि म्हणायचे, "मानसानं तयार रायलं पाह्यजे." अंगात ताप असला तरी हे चुकायचं नाही.

धुतलेले कपडे झटकायचे कशाला, असं वाटलं असेल तर तुम्ही त्या वर्षांतलं अकोला पाहिलेलं नाही. कापसाचा भाव चढला आणि सारं वऱ्हाड येडं झालं. अकोटकडून येणाऱ्या गाड्यांची रांग मोर्णेच्या पात्रापर्यंत लागायची. डाळीत कापसाचं तूस, डोळ्यांत तूस, माझ्या भाजीच्या पाटीत तूस. गिऱ्हाईक मला विचारायचं, "काहो माळीणबाई, हे वांगं म्हातारं झालं काय? केस पिकले त्याचे."

जुन्या शहरात माझ्या आणि दाभणवाल्यांच्या घराची भिंत एकच. ते दिवसभर दारात बसून दाभण-सुतळीनं कापसाची बोरी शिवायचे, म्हणून गल्लीनं ते नाव ठेवलेलं. नवराबायको दोघंही ख्रिस्ती, जालन्याच्या अंगानं आलेले. माणसं गरीब गाईसारखी, पण मला त्या कपड्यांचं कोडं काही सुटेना. एकदा विचारलंच, "भाऊ, कोणाच्या लग्नाले जाऊन रायले तुमी रोज?"

"आमचा प्रभू येनार हाय, बाई. कवा येईन ते कोनाले ठाव नाई. बलावनं आलं तर काय सुतळीच्या कचऱ्यात जाव?"

"अन् त्याच्या संग कोन येईन?"

दाभण थांबलं. "जे आदी गेले, ते सारे."

आत वहिनींनी पेटीकडे पाहिलं. मोठी लेक पटकीनं गेली त्याला दोन पावसाळे झाले होते. तिचे कपडे त्या पेटीच्या तळाशी होते आणि ती पेटी दोघांपैकी कोणीच उघडत नसे.

धाकटी सातेक वर्षांची. रोज प्रार्थना झाली की विचारायची, "बाबा, ताई उद्या येईन?" बाप म्हणायचा, "येईन, पोरी. कवा ते ठाव नाई." मला राग यायचा. मी तोंडावर बोलले, "लेकराले असं आसेवर काहून ठेवता? उद्या तिचं मन मोडलं तर?"

"खोटी आस असती त ठेवली नसती, बाई," एवढंच म्हणाले आणि टाका घातला.

मग अकोल्याला पहिली आगगाडी आली. काय सांगू तुम्हाला तो दिवस. पहाटेपासून गल्ली रिकामी व्हायला लागली, आंधळी म्हातारीसुद्धा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून निघाली. मी पाटीभर झेंडूचे हार केले होते, इंजिनाला घालायला लोक घेतील म्हणून. दाभणवाले नवराबायको बोरी पोचवायला अडत्याकडे गेलेले. पोरगी दारात उभी.

"काकू, सारे कुटी चालले? कोन येऊन रायलं?"

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणाले, "तुह्या बापाचा प्रभू येऊन रायला. जाय, तयार हो." हसले आणि पाटी उचलून नदीपलीकडच्या टेसनाकडे निघाले.

टेसनावर पाय ठेवायला जागा नव्हती. लांबून धूर दिसला, मग रूळ थरथरले, मग ती शिट्टी. बैल जू मोडून पळाले, आमच्या पाटलांनी धोतर सावरत हात जोडले, माझे निम्मे हार गर्दीतच चुरगळले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी लहान पोरीसारखी उड्या मारत होते.

आणि त्या काळ्याकुट्ट गर्दीत मला पांढरा पोलका दिसला. केस पाण्यानं चोपून बसवलेले, एका हाताला भाऊ, तोही धुतल्या सदऱ्यात. काखेत घडी केलेला निळा पोलका. ती एकेका डब्यापाशी थांबत होती आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड पाहत होती.

"काय करून रायली व?" मी ओरडले.

"ताईले पाहून रायली. तिचा पोलका आनला पेटीतून. ती कोनत्या डब्यात हाय, काकू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात तिचे आईबाप धावत आले. मी सगळं सांगून टाकलं, माझी चेष्टाही.  दाभणवाले पोरीपुढे मातीत बसले.

"हे गाडी मानसाइनं केलेली हाय, पोरी. काकूनं थट्टा केली."

पोरगी बापाकडे पाहत राहिली. "मंग तुमी बी थट्टाच करता?"

दाभणवाल्यांनी तिच्या काखेतला निळा पोलका घेतला आणि लहान्याला उचलून घराकडे वळले.

पुढच्या शनिवारी, त्यांच्या धुण्याच्या दिवशी, तिनं आपले कपडे धुवायला दिले नाहीत. बापानं जबरदस्ती केली नाही. स्वतः धुतले, तिच्या खुंटीला टांगले. पुढच्या शनिवारीही तेच. ती तिकडे बघायचीही नाही. मी भाजी नेऊन द्यायचे, पण उंबरठा ओलांडायची मला लाज वाटायची.

मग एके संध्याकाळी भिंतीपलीकडे ठकठक ऐकू आली. मी गेले. दाभणवाले पाचवी खुंटी ठोकत होते. तिच्यावर त्यांनी निळा पोलका टांगला.

"हे काहून?" पोरीनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ताई आली त तिले लागन ना. ते येईन येईन असं मी रोज म्हनत होतो, अन् तिचे कपडे पेटीत कोंडून ठेवले होते. तुले सुचलं, मले नाई. खोट माह्या मनात होती, पोरी. तुह्या नव्हती."

वहिनी पदर तोंडाला लावून रडल्या, मग उठल्या, आणि पेटीत राहून पोलक्याला कुबट वास आला म्हणून तो धुवायला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगी आपणहून उठली. आधी निळा पोलका झटकला, मग स्वतःचा. मला इतका आनंद झाला की मी माझी पाटी तिथेच विसरून घरी आले.

बरीच वर्षं झाली त्याला. पोरगी मूर्तिजापूरला नांदायला गेली. वहिनी आधी गेल्या, मागोमाग दाभणवाले. त्यांना माती देऊन आलो त्या संध्याकाळी मी पोरीपाशी बसले होते. भिंतीवर खुंट्या तशाच, कपडे तसेच. गल्लीतल्या कोणी तरी म्हणालं, बापाचे कपडे एखाद्या गरिबाला देऊन टाक.

"त्याइले लागतील," ती म्हणाली आणि झटकायला उठली. निळा पोलका झाला, आईचं लुगडं झालं. तेवढ्यात तिचं लेकरू आत रडायला लागलं म्हणून ती गेली.

बापाचा सदरा तेवढा राहिला होता. खांद्यावर तूस बसलं होतं. मी उठले आणि झटकला.