आज पण कालु दुखते

शिंपी कपडा वेळेवर देत नाही, हे जगजाहीर आहे. म्हैसूरचे रंगराव मात्र सांगितल्या दिवशी देत, आणि वर गिऱ्हाइकालाच उशिरा आला म्हणून झापत. त्र्याहत्तर वर्षांचा हा खट माणूस पन्नास वर्षं पायमशीनवर पॅन्ट शिवत आलेला. मुलाने, शरतने, बोगादीच्या नव्या घरात टीव्हीसमोर त्यांच्यासाठी आरामखुर्ची आणून ठेवली होती. रंगराव तिच्यावर वाळलेले कपडे टाकत.

"आप्पा, दुकान बंद करा आता," हे शरतचं रोजचं पालुपद. फक्त निमित्त सापडत नव्हतं.

तेवढ्यात रंगरावांचा पाय दुखायला लागला आणि शरत त्यांना मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत घेऊन गेला. तिथं एम.डी. करणारे शिकाऊ डॉक्टर आधी तपासतात आणि मग मोठ्या सरांना सगळं सांगतात. रंगरावांच्या वाट्याला आला डॉ. अर्णव. साताऱ्याचा पोरगा, येऊन जेमतेम महिना झालेला, कन्नडच्या नावानं नुसती बोंब. मराठी पेशंट बघून त्याचा जीव भांड्यात पडला. बिचारा!

"काय होतंय, काका?" मान कागदात खुपसूनच त्याने विचारलं.

"कालु दुखते."

"काल दुखत होतं. आणि आज?"

"आज पण कालु दुखते." रंगरावांनी टेबलाखाली पोटरीवर थाप मारली. ती बघणार कोण?

अर्णवचं पेन थांबलं. "आज काल कसं दुखेल, काका?"

"अय्यो! रोज दुखते की! उद्या पण कालुच दुखणार!"

अर्णवने घाम पुसला. "आज वार कोणता?"

"तुमच्याच चिठ्ठीवर लिहिलंय, बघा की."

"बरं, शंभरातून सात वजा करत जा."

"इंच का सेंटीमीटर?"

झालं! अर्णवने ठळक अक्षरात लिहिलं, काळाचं भान नाही, डोक्याची तपासणी हवी. तेवढ्यात फी भरून आलेल्या शरतला आयतंच कोलीत मिळालं. "मी म्हणत नव्हतो? सोमवारी मशीन विकून टाकू, आप्पा."

रंगरावांच्या डोळ्यांसमोर आरामखुर्ची आली. मशीन गेलं तर त्या खुर्चीत बसून करायचं काय? मरणाची वाट बघायची?

मोठे सर, व्यासराज, म्हैसूरच्याच जुन्या मराठी घरातले. अर्णवने उभं राहून सगळं घडाघडा सांगितलं. सरांनी कागद बाजूला सारला आणि माणसाकडे बघितलं.

"रंगराव, काय त्रास?"

"कालु, सर." रंगरावांनी पाय उचलून थेट स्टुलावर ठेवला.

सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अरे, ध चा मा केलास की! कन्नडात कालु म्हणजे पाय. आमच्या मराठीत असली भेसळ चालतेच. त्यांच्याकडे एकदा बघितलं असतंस तर कळलं असतं."

अर्णवचे कान लाल झाले. पण शरत हटेना. "सर, त्यांना विसरायला पण होतं हं."

"अठ्ठावीस," रंगराव म्हणाले.

"काय अठ्ठावीस?"

"सरांच्या लग्नाची पॅन्ट मीच शिवली. कंबर अठ्ठावीस. आता छत्तीसच्या खाली नाही."

सरांनी पोट आत ओढलं. "स्मरणशक्ती उत्तम आहे," ते घाईघाईने म्हणाले. "जरा जास्तच आहे. पण पायाने मशीन मारणं बंद."

"म्हणजे दुकान बंदच ना?" शरतने पुन्हा उचल खाल्ली.

"कातर काय कालूने चालवतात का रे?" रंगराव कडाडले.

"मशीनला मोटर बसव," सर शरतला म्हणाले. मोटर बसली. आरामखुर्चीवर अजूनही वाळलेले कपडेच पडतात.

पंधरा दिवसांनी अर्णव आपला पांढरा कोट घेऊन दुकानात आला. बाह्या लांब होत होत्या, हे रंगरावांनी ओपीडीतच हेरलं होतं.

"कधी मिळेल, काका?"

"काल," रंगराव गंभीर चेहऱ्याने म्हणाले.

अर्णवने कॅलेंडर बघितलं नाही. तो मुकाट्याने खाली वाकला आणि त्यांचा पाय बघू लागला.