इंजिनाचा अर्थ

आबा सुरतेत एका कापड व्यापाऱ्याची गाडी चालवायचे. नवागामच्या आमच्या खोलीत खिळ्याला त्यांचा खाकी शर्ट टांगलेला असे आणि त्याच्या खिशात गाडीची चावी. त्या चावीवरच मी बी.एस्सी. झालो, फिजिक्स घेऊन. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. नोकरी मात्र अजून लागायची होती.

निकाल लागला त्या वर्षीच्या हिवाळ्यात गाडी रुसली. चावी फिरवली की आतून नुसतं 'टक्' व्हायचं. धक्का मारला की मात्र लगेच चालू. ज्याने त्याने एकच सांगितलं, बॅटरी उतरली. बॅटरीवाल्याने ती चार्ज करून दिली. दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा टक्. सेठ गॅलरीतून म्हणाले, "भाऊ, रात को बत्ती चालू रह जाती होगी. उमर का असर है." मग शनिवारी, आवाज जराही न चढवता, "सोमवारे गाडी चालू नै थाय तो चावी मूकी देजो." चावी ठेवा आणि घरी जा.

आबांना चावीपेक्षा ती बत्तीची गोष्ट जास्त झोंबली. गाडी लावल्यावर काचा, दरवाजे, दिवे दोनदा तपासून मगच निघणारा माणूस. घरी येऊन जेवले नाहीत. माय म्हणाली, "जाऊ द्या ना, गाडीच शे ती." आबा माझ्याकडे बघून आमच्या अहिराणीत म्हणाले, "तू ते शिकेल शेस, भाऊ. तूच सांग."

तू तर शिकलेला आहेस, या एका वाक्याने माझी छाती फुगली. गल्लीतल्या रेडिओवाल्याकडून मी मीटर मागून आणलं आणि रविवारी सकाळी सेठच्या आवारात बॉनेट उघडलं. बॅटरी बारा व्होल्टच्या वर दाखवत होती. हेडलाइट लख्ख लागत होते. "आबा, बॅटरी ठीक आहे," मी जाहीर केलं. "मग चालू का होत नाही?" त्यांनी विचारलं. मी मीटर पुन्हा लावलं, आकडा तोच आला.

तेव्हा आबा जरा अडखळत म्हणाले, "चोकनी तार गरम व्हस रे, भाऊ. हातले चटका बसस."

त्या गाडीला डॅशबोर्डवर चोकची मूठ होती. थंडीत ती ओढून धरायची आणि चावी फिरवायची. मुठीमागून लोखंडी तार इंजिनापर्यंत जायची. मी हसलो. शिक्षकाच्या आवाजात म्हणालो, "आबा, ती विजेची तार नाही. नुसती ओढायची तार आहे. ती कशी तापेल?" पुन्हा म्हणून त्यांनी तो विषय काढला नाही.

शेवटी धक्का मारून गाडी पर्वत पाटियाच्या नाक्यावर नेली. तिथे रस्त्याकडेला एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसायचा, परभणीकडचा. त्याच्याकडे मीटर नव्हतं. एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एवढंच हत्यार. माझ्या हातातलं मीटर बघून तो म्हणाला, "मास्तर, ते ठेवा खिशात. खरं बोलतंय, पन अर्धंच."

त्याने बॅटरीच्या पट्ट्या हलवून घट्ट केल्या, स्टार्टरला येणारी जाड वायर तपासली. सगळीकडे बल्ब लागला. गाडी मात्र टक्. तो उकिडवा बसला आणि आबांना म्हणाला, "डायव्हरसाहेब, गाडी तुमच्या हाताखालची हाय. आणखी काय होतंय ते सांगा. कायबी सांगा, येड्यावानी वाटलं तरी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. निमिषभरच. मग म्हणाले, "चोकची तार गरम होते."

तो ताडकन उठला. "मग आल्या आल्या कामून नाय सांगितलं?"

"ध्यानातच आलं नाही," आबा म्हणाले. "आता आठवलं."

मी तिथेच उभा होतो. 'पोराने हसून उडवलं' एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. ते त्यांनी सांगितलं नाही.

इलेक्ट्रिशियनने बल्बची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवली. "मारा चावी." टक् झालं आणि बल्ब पिवळसर लागला. "हा लागायला नको," तो म्हणाला. "मायनस आन् इंजिन एकच पायजे. तुमच्या गाडीत अर्थच नाय राहिला."

आबांचा चेहरा उतरला. मी विचारलं, "म्हणजे? दुरुस्त करण्यात अर्थ नाही? भंगारात घालायची?"

तो इतका हसला की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. "अवो मास्तर, इंजिनाचा अर्थ! अर्थिंग! कोन्त्या कॉलेजात शिकला?"

शाळेच्या पुस्तकात मी त्याला 'भूसंपर्कन' म्हणून पाठ केलं होतं, कॉलेजात इंग्रजीत. रस्त्यावर त्याचं नाव 'अर्थ' आहे हे कुणी शिकवलं नव्हतं.

तो गाडीखाली शिरला. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी ते गाडीच्या सांगाड्याला जोडते. पावसाळ्यात खाडीच्या पाण्यातून गाडी गेली होती. पट्टी हिरवी पडून दोन-चार तारांवर लोंबत होती. "मोठा पूल तुटला की समद्या ट्रका गल्लीत घुसत्यात," तो खालूनच म्हणाला. "बॅटरीचा करंट परत जायला वाट शोधतो. घुसला चोकच्या तारेत. तापल नाय तर काय होईल?" त्याने लोखंड घासून चकचकीत केलं आणि नवी पट्टी आवळली. चावी फिरताच इंजिन सुरू झालं. मग तो मला म्हणाला, "मास्तर, गाडी चालवनाऱ्याला आधी इचारायचं. बल्ब मागनं."

परतताना मी आबांना सगळं नीट समजावून सांगितलं, करंट जातो कसा आणि परत येतो कसा. माझ्या पुस्तकी शब्दांना अहिराणीत शब्द नव्हते, म्हणून पाण्याचे पाट, बांध असं काहीबाही वापरलं. ते मन लावून ऐकत होते. चोकबद्दल सकाळी जे बोललो त्याची माफी मागायला तोंड उघडलं, तेव्हा गाडी चालवता चालवता समोर बोट करून म्हणाले, "रस्ता देख."

सोमवारी त्यांच्याबरोबर मीही गेलो. सेठ गॅलरीत उभे होते. आबांनी चोक ओढला, चावी फिरवली. पहिल्याच फेरीत गाडी सुरू झाली.

"शुं हतुं, भाऊ?" काय बिघडलं होतं ते सेठनी वरून विचारलं.

"अर्थिंग, सेठ. बत्ती नव्हती." आणि माझ्याकडे हात करून, "आमच्या पोराने बॅटरी तपासली, तेव्हा कळलं."

हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं मी आज लिहितो आहे. दोष चोकच्या तारेने सांगितला आणि तार ओळखली ती आबांच्या हाताने. सेठ आत गेले तरी तो हात चोकच्या मुठीवरच होता. मग आबांनी माझं मनगट धरून माझा हात मुठीवर टेकवला.

"देख," ते म्हणाले. "थंडी शे. आते चटका नही बसस."