पाद्र्याचं वृंदावन

चहा हातात घ्या, मग सांगतो. माझी फजिती मी फारशी कोणाला सांगत नाही. तेव्हा मधे हसायचं नाही.

मी पाथरवट. शिक्षण चौथी, पण हात संगमेश्वरच्या जुन्या देवळांवर बसलेला. दगड नुसता पाहिला की त्याचं काय करायचं ते मला कळतं, असा माझा समज होता.

कुवेतची लढाई पेटायच्या आधीचे दिवस. मी सौदीत, दम्मामच्या बाजूला एका कंत्राटदाराकडे. आमची टोळी इंग्रज फौजेच्या तळावर फरशी बसवत होती. ज्याच्या त्याच्या खांद्याला विषारी वायूपासून वाचायचा मुखवटा. मुकादम इब्राहिमभाई, श्रीवर्धनचा. इंग्रजी तो एकटाच बोलायचा, म्हणजे निम्मं तोंडाने, निम्मं हातांनी.

एक दिवस फौजेचा पाद्री एक फोटो घेऊन आला. त्याच्या गावच्या चर्चमधलं जुनं दगडी काम, चारपाचशे वर्षांपूर्वीचं.

"मिस्त्री," इब्राहिमभाई म्हणाला, "साहेबाला हुबेहूब असं हवंय, पण लहान. पूजेचं काहीतरी आहे. वर पाणी घालतात. तंबूच्या आतच ठेवायचंय, ह्या देशात त्यांच्या पूजेला बंदी, बाहेर बोभाटा नको."

मी फोटो पाहिला. आठ कोन. खाली पाया, मधे मान, वर खोलगट. पूजेचं, आणि वरून पाणी. तुम्हीच सांगा, काय असेल?

"तुळशीवृंदावन," मी म्हणालो.

"अहो, ते ख्रिस्ती आहेत."

"तुला दगडातलं कळतं काय?"

"नाही कळत. म्हणून तर म्हणतो, साहेबाला एकदा विचारू का?"

"वीस वृंदावनं घडवलीत मी. विचारायचं काही नाही."

शिल्लक राहिलेला पिवळट दगड घेतला. आठ दिवस खपलो. फोटोत नव्हता, तरी दिव्यासाठी कोनाडा काढला. इंग्रज विसरला असेल, म्हटलं. जास्तीचं पाणी तुंबून मूळ कुजू नये म्हणून तळातून बाहेर भोक पाडलं, बोटभर रुंद, अगदी गोल. वर माती भरली. तुळस कुठे मिळणार? भाजीबाजारातून रेहानचं रोप आणलं. अरबांची ती तुळसच, फक्त पान मोठं.

शुक्रवारी सकाळी पाद्री आला. बरोबर तिशीचा एक मिशाळ सैनिक आणि त्याचे पाचसहा सोबती. पाद्री रोपाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग पुन्हा रोपाकडे. मला वाटलं, गहिवरला.

पाद्री इब्राहिमभाईशी काहीतरी बोलला आणि इब्राहिमभाईचा चेहरा उतरला.

"मिस्त्री, झाड नको. ह्यात पाणी भरून ठेवायचं आणि त्या माणसाच्या डोक्यावर घालायचं. मग तो ख्रिस्ती झाला. लहानपणी राहून गेलंय त्याचं."

"म्हणजे बारसं? एवढ्या घोड्याचं?"

"हळू बोला. उद्या पहाटे त्याची तुकडी सरहद्दीवर जाणार. त्याने आईला पत्रात कळवलंय, जाण्याआधी हे करून घेतो म्हणून. आज नाही तर पुन्हा कधी, कोण सांगणार?"

मी त्या माणसाकडे पाहिलं. तो टोपी हातात घेऊन उभा होता, सारखी फिरवत होता. मी गुपचूप रोप उपटलं, माती काढली, दगड धुतला. पाद्र्याने कॅनमधून पाणी ओतलं. ते खालच्या भोकातून बाहेर आलं आणि थेट त्याच्या बुटांवर पडलं.

सगळे त्या भोकाकडे बघायला लागले.

मी चिंधी कोंबली. पाणी चिंधीतून झिरपायला लागलं. त्या माणसाचा चेहरा असा झाला, जणू देवानेच नाही म्हटलंय. मला ते बघवेना. मी खाली बसलो आणि करंगळीशेजारचं बोट भोकात घातलं. पाणी थांबलं. माप माझंच होतं ना.

पाद्र्याने प्रार्थना सुरू केली. माझं बघून बाकीचेही गुडघ्यांवर बसले. त्यांना वाटलं, पद्धतच असेल. प्रार्थना काही संपेना. बोट आधी गार पडलं, मग सुन्न झालं. नाकावर माशी बसली, तीही तशीच राहू दिली. शेवटी तो माणूस वाकला, पाद्र्याने तीनदा ओंजळीने पाणी घातलं, आणि मिशीवरून पाणी गळत असताना तो रडला. इब्राहिमभाईसुद्धा डोळे पुसत होता, आणि वर मला म्हणतो, धूळ गेली.

मग पाद्री माझ्याजवळ वाकला, भोकावरच्या माझ्या मुठीकडे बघितलं आणि खूश होऊन बोलत सुटला.

"मिस्त्री, साहेब म्हणतो, त्याच्या गावच्या कुंडालाही तळाला असंच भोक आहे. फोटोत दिसत नाही, मग तुम्हाला कळलं कसं?"

मी मान ताठ केली. "सांग, अनुभव."

"सांगितलं. आता विचारतोय, तिथे त्या भोकाला बूच असतं. तुम्ही बूच कशाचं केलंय?"

माझं बोट अजून भोकातच होतं. बूच काय बोलणार?