ठिगळाखालची सही

माझी पहिली सही सासऱ्यांच्या छातीवर झाली. दचकू नका. वाकळीवर सही करायची तर कोपऱ्यात, बारीकशी, एवढी अक्कल तेव्हा नव्हती. सातवी शिकलेली सून म्हणून कंग्राळीत माझा तोरा केवढा! पहिली वाकळ पुरी झाली तशी मी बरोब्बर मधोमध, वीतभर अक्षरांत, लाल दोऱ्यानं आपलं नाव घातलं. आडनावासकट. आणि कौतुकानं मामंजींना पांघरायला दिली.

सकाळी मामंजी ओसरीवर गाढ झोपलेले, अंगावर सुनेचं नाव. पाण्याला निघालेल्या बायकांत जिला वाचता येत होतं तिनं बाकीच्यांना वाचून दाखवलं. सासूबाईंनी जन्मात एकदाच सुई धरली, ती त्या दिवशी. जुन्या लुगड्याचा तुकडा माझ्या नावावर ठेवला आणि पोत्याचं तोंड शिवावं तसा शिवून टाकला. पुढं ती वाकळ नणंदेच्या बाळंतपणाला निपाणीला गेली, ती तिकडंच राहिली.

परवा खासबागेत बायकांनी जुन्या वाकळींचं प्रदर्शन मांडलं. बघते तर दोरीवर माझी वाकळ, आणि खाली चिठ्ठीवर सासूबाईंचं नाव! मधलं ठिगळ आईच्या लुगड्याचं, म्हणजे सगळी वाकळ आईची, असा नणंदेचा हिशेब. ती आईच्या हाताचं गुणगान करत होती आणि बायका माझ्या टाक्यांवरून बोटं फिरवत होत्या.

मी म्हटलं, वन्सं, ही माझी. ती म्हणाली, वैनी, तुझं वय झालं आता. दोघीतिघी हसल्या. तशी मी पिशवीतली कातर काढून तिच्याच हातात दिली.

“ठिगळ उसव. माझं नाव न्हाय निघालं तर आईची म्हण खुशाल.”

तिनं उसवलं. बाकीची वाकळ धुऊन धुऊन विटलेली, आणि आत नाव कालच घातल्यासारखं लालभडक. दाराशी बसलेल्या म्हातारीनं चष्म्याशिवाय वाचलं. कोपऱ्यात बारीक सही केली असती तर कधीच झिजून गेली असती, नाही का? मी चिठ्ठी बदलून घेतली, अक्षर मोठं काढायला लावलं आणि वाकळीपुढं उभी राहून फोटो काढवले. मधोमध.

नणंद उसवलेला तुकडा चाचपत बसली होती. निघताना जवळ आली नि म्हणाली,

“वैनी, हे मी नेते गं. आईच्या हातचं एवढंच हाय माझ्याकडं.”