मार्सली खाली बसली नाही

आमच्या गावात देवाशी बोलायला मिशी लागत असे. तसं कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. पण गुरुवारच्या प्रार्थनासभेत चर्चचा पंच एकेका पुरुषाचं नाव घ्यायचा, तो पुरुष प्रार्थना करायचा, आणि आम्ही बायका टोप्या घालून मुकाट उभ्या राहायचो. आमच्याकडे स्तोत्रं बसून गातात आणि प्रार्थना उभ्याने करतात. माझं निम्मं लक्ष माझ्या दुखऱ्या गुडघ्यांकडे असायचं.

मार्सली माझी शेजारीण. आता ती गेल्यावर लोक म्हणतात, ‘फार देवभोळी होती हो.’ ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. देवभोळी! आमच्या अख्ख्या बेटावर तिच्याइतकं देवाशी भांडणारं दुसरं माणूस नव्हतं. घरामागच्या पत्र्याच्या खोपटात तिचा माग होता. सकाळपासून ती लोकरीचं कापड विणायची आणि मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून देवाला ऐकवायची. ‘जळणाची माती कापून ठेवलीय, आठ दिवस पावसात भिजतेय. तुला वर चूल नसेल, आम्हाला आहे ना!’ कुंपणापलीकडे मला शब्द न् शब्द कळायचा.

आणि हीच बाई एकेचाळीस वर्षांची झाली तरी प्रभुभोजनाच्या, भाकर-द्राक्षारस घ्यायच्या मेजाजवळ एकदाही गेली नव्हती. आमच्यातले निम्मे लोक असेच. जन्मभर चर्चमध्ये येतात आणि आपली लायकी नाही म्हणून मेजापासून लांब बसून मरतात. मी तिला एकदा टोकलं, “खोपटात त्याला दमात घेतेस, आणि मेजाशी जायला घाबरतेस होय गं?”

“लायकी नाही म्हणून तर ओरडते, कर्स्टी,” ती म्हणाली. “लायकी असती तर हळू नसते का बोलले?”

त्या मे महिन्यात, एका मंगळवारी, तिचा नवरा मर्डो आणि त्याचा जोडीदार फिनले शेवंडं पकडायला समुद्रात सोडलेल्या टोपल्या काढायला बोट घेऊन गेले. वारा एकाएकी फिरला. बुधवारी दिवसभर बाकीच्या बोटींनी शोधलं. गुरुवारी दुपारपर्यंत हाती लागलं ते एक वल्हं. फिनले हा टॉर्किलचा एकुलता एक मुलगा. टॉर्किल म्हणजे तोच सभा चालवणारा पंच, निम्म्या गावाचा मामा.

संध्याकाळी सातला सभा भरली. आमच्या उत्तरेकडे मे महिन्यात रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, बाहेर लख्ख ऊन होतं. टॉर्किलने त्या दिवशी कुणाचंच नाव घेतलं नाही, स्वतःच प्रार्थना केली. “हे प्रभू, आम्ही केवळ धूळ आहोत. तूच दिलंस आणि तूच नेलंस. तुझ्या इच्छेपुढे आमची मान लवलेली आहे. मागे राहिलेल्यांना धीर दे. विधवेचा सांभाळ कर.”

विधवेचा! दोन दिवस झाले होते फक्त. मासे मोजावेत तितक्या थंडपणे त्याने तिला विधवा करून टाकलं. आणि आजूबाजूला लोक माना डोलावत होते. काय ही नम्रता, पोटच्या पोरासाठीसुद्धा तक्रार नाही! मला आजही संताप येतो. त्या माणसाने आपल्या पोराला मागितलंच नाही. मागितलं आणि मिळालं नाही, तर चारचौघांत देवाने तोंडावर नाही म्हटल्यासारखं होईल, ही त्याची भीती. त्या भीतीलाच आम्ही पिढ्यान् पिढ्या नम्रता म्हणत आलो.

आमेन झालं. सगळे बसले. मार्सली उभीच राहिली.

मी तिचा झगा ओढला. हो, मीच. “अगं बस ना, लोक बघतायत.” तिने माझा हात झटकला.

“मामा, मी विधवा नाही,” ती म्हणाली. “एवढी घाई कशाला झालीय तुम्हाला?”

“मार्सली, पोरी, खाली बस.”

“बसते. आधी माझं बोलून होऊ दे. तुमच्याशी नाही बोलत आहे मी.” तिने डोळे मिटले. “देवा, तुझ्यापुढे उभं राहायची माझी लायकी नाही. ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि ह्या सगळ्यांना तर फारच ठाऊक आहे. पण मी दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊ? समुद्र तुझा आहे. माझा मर्डो मला परत दे. फिनलेलाही आण. त्याचा बाप मागत नाही म्हणून त्याला सोडून देऊ नकोस. तुझी इच्छा तुझी तू बघ, माझी मी सांगितली. येशूच्या नावाने मागतेय, माझ्या नावावर मला चिमूटभर मीठही मिळायचं नाही.”

कुणीही आमेन म्हटलं नाही. मीही नाही. त्याची लाज अजून गेलेली नाही.

शनिवारी सकाळी एका मच्छीमार जहाजाला फिनले सापडला. पक्ष्यांशिवाय काही नसलेल्या एका खडकावर, बोटांची सालटं गेलेला, पण जिवंत. मर्डोने त्याला खालून ढकलून वर चढवलं होतं, आणि पुढची लाट मर्डोला घेऊन गेली होती. मंगळवारीच. म्हणजे गुरुवारी मार्सली त्याला मागत होती, तेव्हा तो जाऊन दोन दिवस झाले होते.

गाव टपूनच बसलेलं होतं. “देवाला दम देऊन चालतं का कधी?” दोन बायका माझ्याच स्वयंपाकघरात, माझाच चहा पीत म्हणाल्या. मी दोघींच्या हातातले कप काढून घेतले आणि त्यांना घराबाहेर काढलं.

मार्सलीचा माग बंद होता. मी बटाटे आणि खारवलेला मासा नेऊन ठेवायचे आणि तसंच्या तसं परत आणायचे. तिने रडावं, मला शिव्या द्याव्यात, काहीही करावं असं वाटायचं. ती खिडकीकडे पाठ करून बसलेली असायची.

पुढच्या गुरुवारी, सभेच्या तासभर आधी, टॉर्किल तिच्या दारात आला. मी तिथेच होते. त्याने टोपी काढली, पण आत येईना.

“काय सांगायला आलात, मामा?” मार्सली म्हणाली. “देवाची इच्छा?”

“नाही,” तो म्हणाला. “तू दोघांना मागितलंस. मी एकालाही मागितलं नाही. आणि माझा मिळाला मला. पोरी, मला घास गिळवत नाही. तो समोर बसून जेवतो आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.”

ती त्याला हाकलून देईल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

“शनिवारपासून मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही,” ती म्हणाली. देवाशी. ते विचारायची गरज नव्हती. “तोंडच उघडत नाही माझं. आधी मर्डो गेला. आता हाही गेला.”

“मी काय करू, सांग.”

“तुम्ही मागा. माझ्यासाठी, मोठ्याने. आणि मामा, ‘तुझी इच्छा असेल तर’ म्हणालात तर ह्या घरात परत पाऊल टाकू नका.”

टॉर्किल आत आला आणि खुर्चीला धरून फरशीवर गुडघे टेकून बसला. चाळीस वर्षं सभा गाजवलेला माणूस, त्याला सुरुवात सापडेना.

“देवा,” तो अखेर पुटपुटला, “हिच्याशी बोल. हिला तुझ्याशी भांडू दे. मला हे हवंय. मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे, मला मागता येत नाही. पण दे. दे ना रे.”

मार्सली जागची उठली आणि त्याच्या शेजारी खाली बसली.

“मोठ्याने, मामा,” ती म्हणाली. “अजून मोठ्याने.”